जळालं तेच उरलं

माळवा म्हटलं की गहू डोळ्यांपुढे येतो. भोपाळच्या बाजारात सिहोरचा शरबती वेगळ्या भावाने विकला जातो, २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दाल-बाफला हे इथलं ‘पिढ्यान्पिढ्यांचं’ जेवण आहे असं पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जातं. त्याच २०२३ साली आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं आणि नेमका उलटा सूर ऐकू आला: गहू उपरा, आपलं खरं अन्न ज्वारी, बाजरी आणि नाचणी. दोन्ही बाजूंचे लोक मनापासून बोलतात, पण दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालले आहेत. प्रत्येक प्रदेशाचं एक मूळ अन्न असतं, आणि मागे मागे जात राहिलं की ते सापडतं, असं ते मानतात. हे तपासून पाहायची सोय गेल्या सत्तर वर्षांत झाली आहे. जुन्या वस्त्यांच्या मातीत जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे सापडतात, आणि ते ओळखून त्यांचं वय काढता येतं. माळवा-निमाड आणि त्याला लागून असलेल्या महाराष्ट्रातले असे दाणे जे सांगतात त्यातून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो. इथे मूळ अन्न असं एक कधी नव्हतं. होती ती अनेक धान्यांची सांगड, आणि ती हंगाम, जमीन आणि पीक बुडण्याची भीती यांनी बांधलेली होती. ही सांगड जिथे तुटली तिथे माणसांनी त्याची किंमत शरीराने मोजली, याचाही पुरावा आहे.

आधी पुरावा टिकतो कसा ते पाहू, कारण पुढचे सगळे आक्षेप त्यातूनच येतात. आपल्या हवेत साधा दाणा जमिनीत पडला तर तो उगवतो, किडतो किंवा कुजतो. इजिप्तच्या कोरड्या थडग्यांत धान्य जसंच्या तसं राहतं, तसं पावसाळी मध्य भारतात होत नाही. इथे टिकतो तो जळालेला दाणा, आणि तोही अर्धवट, कोंडलेल्या धगीत जळालेला. पुरेशी हवा मिळाली तर त्याची राख होते. हवा कमी आणि उष्णता साधारण दोनशे ते चारशे अंश असली तर दाण्याचा कोळसा होतो आणि आकार राहतो. कोळशाला कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. म्हणून चुलीच्या कडेला सांडलेलं, भाजताना करपलेलं किंवा घराला आग लागून कणगीतच कोळसलेलं धान्य साडेतीन हजार वर्षांनीही हाती येतं. त्या घरावर आलेली आपत्ती अभ्यासकाला माहिती देऊन जाते. अशा दाण्यावरून धान्य ओळखणं हे चिकाटीचं काम आहे. मूग आणि उडीद जळाल्यावर जवळपास सारखे दिसतात. डाळ फुटलेली असली तर आतल्या कोंबाची लांबी पाहतात: मुगाचा कोंब लांब, उडदाचा आखूड. गव्हाच्या बाबतीत तर नुसत्या दाण्यावरून पोळीचा गहू आणि बन्सीसारखा कठीण गहू वेगळे सांगणं धोक्याचं असतं. त्यासाठी ओंबीच्या दांड्याचे तुकडे लागतात, आणि ते मळणीच्या जागी सापडतात, घरात क्वचितच. म्हणून ‘आमच्याकडे चार हजार वर्षांपासून अमुक वाणाचा गहू खातात’ असं कुणी म्हणालं, तर दांड्याचा तुकडा सापडला का, हे विचारावं.

आता मुख्य साक्षीदाराकडे येऊ. भोपाळहून पावणेतीनशे किलोमीटरवर, महेश्वरच्या घाटांसमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नावडातोली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसह १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात इथे उत्खनन केलं. कुडाच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, साठवणीचे मोठे रांजण, काळ्या रंगात चितारलेली लालसर भांडी. माळवा संस्कृती म्हणून जी ओळखली जाते तिचं हे सगळ्यात समृद्ध गाव, इसवीसनापूर्वी साधारण १६०० ते १३०० या काळातलं. घरांत जळालेलं धान्य निघालं. ते लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या विष्णू-मित्रे यांनी तपासलं, आणि त्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे: गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख, जवस, बोरं. सर्वांत खालच्या थरात गहू होता, तांदूळ दुसऱ्या टप्प्यापासून दिसू लागला. दळण्यासाठी खोलगट दगडी पात्रं होती. सांकलियांचा अंदाज असा की धान्य त्यांत कोरडं किंवा भिजवून भरडत आणि त्याची बिनआंबवलेली भाकरी करत. शेजारी गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, डुक्कर आणि हरिणांची हाडंही होती, तेव्हा हे गाव शाकाहारी नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

ही यादी शेतकऱ्याच्या नजरेने वाचली की ती बोलू लागते. गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि जवस ही पाचही रब्बीची पिकं. तांदूळ, मूग आणि उडीद ही खरिपाची. म्हणजे नावडातोलीचे लोक वर्षातून दोन्ही हंगाम घेत होते, आणि ते समजायला कुठलाही शिलालेख लागला नाही. पुढचा प्रश्न असा की सिंचनाविना रब्बी कशी पिकत असेल? त्याचं उत्तर जमिनीत आहे. काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि वापसा आल्यावर पेरलेला गहू त्या ओलीवर, थंडीतल्या दवावर निघतो. माळव्यात अगदी अलीकडेपर्यंत गहू असाच, कोरडवाहू होत असे. जन्मस्थान पाहिलं तर ही पिकं चहूकडून आलेली आहेत. गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि जवस यांचं पहिलं घर पश्चिम आशियात. बलुचिस्तानातल्या मेहरगढला गहू-जव इसवीसनापूर्वीच्या सातव्या सहस्रकात पोचले होते, तिथून सिंधूचं खोरं आणि मग माळवा असा त्यांचा प्रवास झाला. तांदूळ गंगेच्या बाजूने आला. मूग-उडीद मात्र इथलेच, भारतीय उपखंडात माणसाने रानातून शेतात आणलेले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या झोपडीत पश्चिमेचा गहू, पूर्वेचा तांदूळ आणि इथला मूग एकाच छपराखाली होते. यातलं ‘मूळ’ कोणतं हे कशाच्या आधारावर ठरवायचं? आणि आज ज्या डाळीविना वरण होत नाही ती तूर या यादीत नाहीच. तिचा रानटी पूर्वज ओडिशा-बस्तरच्या पट्ट्यातला, तिथून ती पसरायला वेळ लागला.

इथे कुणी रास्त हरकत घेईल: यादी गावाची आहे, ताटाची नाही. तीनशे वर्षांच्या थरांतून गोळा केलेली आठ-दहा नावं शेजारी शेजारी लिहिली की विविधता दिसणारच. प्रत्यक्षात एखादं घर वर्षभर नुसत्या गव्हावर जगत असेल, दुसऱ्याच्या वाट्याला लाखेखेरीज काही येत नसेल. ही हरकत मला सगळ्यांत वजनदार वाटते, आणि नावडातोलीच्या पुराव्याने तिचं पुरतं उत्तर देता येत नाही. त्यासाठी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या इनामगावला जावं लागतं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षं हे एकच गाव सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली घराघराने उकललं, आणि वनस्पतींचे अवशेष मुकुंद काजळे यांनी अभ्यासले. तिथे जव हे मुख्य धान्य, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, वाल आणि थोडा तांदूळ. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार निघालं. नदीच्या बाजूला बांध आणि पाट होता. म्हणजे धान्य गोळा करणारा आणि वाटणारा कुणीतरी होता, आणि सगळ्यांची ताटं सारखी नव्हती हे उघड आहे. पण त्यामुळे माझा मुद्दा मोडत नाही, उलट नेमका होतो. रोज सकाळी घरोघरी सहा धान्यं शिजत होती असा माझा दावा नाही. गाव म्हणून त्यांनी पेरणी अशी वाटून ठेवली होती की एक पीक गेलं तरी कोठारात दुसरं काही असावं. कोठार बांधणाऱ्या गावाला दुष्काळ माहीत असतो.

दुसरी हरकत लहान दाण्यांची आहे, आणि ती मात्र यादीच बदलू शकते. नावडातोलीचं उत्खनन झालं तेव्हा माती पाण्यात घोळवून हलके कण तरंगवण्याची पद्धत रुळलेली नव्हती. ती जगभर पसरली १९६० च्या दशकाअखेरीनंतर. पद्धत साधी आहे: खणलेली माती पाण्याच्या पिंपात ओतायची, ढवळायची, कोळसलेले दाणे हलके म्हणून वर येतात, ते बारीक जाळीवर गाळून सावलीत वाळवायचे. त्याआधी जे डोळ्याला दिसेल ते उचललं जाई. मसुरीचा दाणा डोळ्याला दिसतो, तर सावा, कोद्रा आणि राळ्याचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा कोळसलेला कण काळ्या मातीत दिसत नाही. तेव्हा नावडातोलीच्या यादीत भरडधान्यं नाहीत याचा अर्थ ती खात नव्हते असा काढणं चूक ठरेल. दक्षिणेत, कर्नाटक आणि आंध्रच्या नवाश्मयुगीन राखेच्या ढिगाऱ्यांच्या प्रदेशात, डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी वापरून माती तपासली तेव्हा कुळीथ आणि मुगासोबत दोन बारीक तृणधान्यं भरपूर मिळाली. त्यांतलं एक, कन्नडमध्ये ज्याला कोरले म्हणतात ते, आज मोजक्या तालुक्यांत उरलं आहे. चार हजार वर्षांपूर्वी ते तिथलं रोजचं अन्न होतं.

पण भरडधान्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी इथे थांबू नये, कारण पुढची गोष्ट त्यांना गैरसोयीची आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही आफ्रिकेतली. भारतात त्यांचे विश्वासार्ह पुरावे इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापासून मिळतात, म्हणजे गहू-जव आल्यानंतर पुष्कळ काळाने. जुन्या अहवालांत नाचणी म्हणून नोंदलेले काही दाणे पुन्हा तपासल्यावर इथल्याच रानगवतांचे किंवा दुसऱ्या तृणधान्यांचे निघाले. काळ्या मातीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात ती हातभर खोल भेगाळते, आणि वरच्या थरातला बारीक दाणा त्या भेगेतून सरळ हजार वर्षं जुन्या थरात जाऊन पडतो. पावसाने भेग मिटते आणि दाणा तिथलाच वाटू लागतो. म्हणून आता थराच्या वयावर न विसंबता त्या एकेका दाण्याचंच कार्बन वय काढतात. माळव्यात आणि दख्खनमध्ये ही काळजी घेतली नसेल तर एकट्यादुकट्या ज्वारीच्या दाण्यावर इतिहास रचू नये, असं मी म्हणेन. इथली देशी भरडधान्यं म्हणजे सावा, कोद्रा, कुटकी, आणि ज्यांना त्यांचा अभिमान आहे त्यांनी ती ज्वारीच्या पंक्तीत न मिसळता वेगळी ओळखावीत. ज्वारीची भाकरी तीन हजार वर्षं इथे असेल तर ती पूर्ण आपली आहे, तिला मूळची असण्याची गरज नाही. गव्हालाही हाच न्याय लावायला हवा. आणि शरबतीचं नाव कितीही जुनं वाटलं तरी त्या नावाखाली विकला जाणारा सी-३०६ हा वाण १९६० च्या दशकातला आहे, ही साधी गोष्टही लोक विसरतात.

तिसरी हरकत अशी की दाण्यांवर सगळी भिस्त ठेवली तर जे जळत नाही ते दृष्टीआड होतं. हे खरं आहे. भोपाळच्या दक्षिणेला पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये तिथली शैलाश्रयं जगापुढे आणली आणि २००३ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. या टापूतल्या आणि पचमढीच्या चित्रांत माणसं मधाची पोळी काढताना, फळं गोळा करताना दिसतात. मध, मोहाची फुलं, कंद, पालेभाज्या, कोवळे कोंब यांचा कोळसा होऊन टिकणं दुर्मीळ. चारोळीची किंवा बोराची कठीण आठळी टिकते, मोहाचं फूल टिकत नाही. म्हणजे शेतकऱ्याचं अन्न ठळक दिसतं आणि रानात वेचणाऱ्याचं पुसट, आणि ज्यांनी दोन्ही केलं, जसं मध्य भारतात आजही होतं, त्यांचं अर्धंच. यावरही मार्ग निघाला आहे. जात्या-पाट्यांच्या छिद्रांत, भांड्यांच्या आतल्या करपटीत आणि माणसाच्या दातांवरच्या घट्ट किटणात पिष्टाचे सूक्ष्म कण अडकून राहतात, आणि प्रत्येक वनस्पतीच्या कणांचा आकार निराळा असतो. हरयाणातल्या फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या गावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळालेल्या भांड्यांतून आणि दातांवरून अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी आलं आणि हळदीच्या खुणा ओळखल्या, त्याचा बराच गाजावाजा झाला. मला त्यातला सिंधूकाळच्या ‘करी’च्या शोधाचा बोलबाला बाजूला ठेवावासा वाटतो. महत्त्वाचं हे की कंदमुळांपर्यंत पोचायची वाट सापडली. भीमबेटकाच्या परिसरातल्या दळण्याच्या दगडांवर आणि दातांवर हे काम जितकं होईल तितकी आपली एकांगी यादी सुधारेल.

यादीतल्या एका धान्याकडे मात्र जवळून पाहायला हवं, कारण सांगड तुटली की काय होतं ते तिथे कळतं. ते म्हणजे लाख, सागर-रीवाकडचा तिवडा, विदर्भातली लाखोळी. नावडातोलीला ती मसुरीबरोबर सापडली. हे पीक चिवट असतं. गहू वाळतो तिथे लाख उभी राहते, पाणी साचलं तरी तग धरते, भाताच्या कापणीआधी ओल्या खाचरात नुसती फेकली तरी उगवते. पेरली नसली तरी गव्हात तणासारखी येते, म्हणून अभ्यासकालाही पेच पडतो: कोळसलेली लाख चुलीजवळ सापडली तर ती माणसाने शिजवली होती की बैलाच्या चाऱ्यातून शेणीत जाऊन जळली? विखुरलेले दाणे चुलीत मिळाले तर दुसरी शक्यता धरावी लागते, स्वच्छ निवडलेली रास भांड्यात किंवा कणगीच्या जागी मिळाली तर पहिली. लाखेत एक विषारी द्रव्य असतं. इतर धान्याबरोबर थोडी खाल्ली, भिजवून किंवा उकळून पाणी ओतून टाकलं तर ती निभते. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर पायांतली ताकद जाते आणि ती परत येत नाही. हे कसं घडतं याचं सविस्तर वर्णन विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात सागर जिल्ह्यातल्या गावांबद्दल केलं आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये वेळेवर पाऊस नाही, १८३१ मध्ये रोगाने गहू बुडाला. या तिन्ही वर्षी तिवड्याला काही झालं नाही, उलट तो रोगट गव्हाच्या शेतांत माजला. लोकांनी तो काढला आणि त्यावरच दिवस काढले, गुरांना फक्त पाला-काडी दिली. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसं एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली.

पीक तेच, प्रदेशही जवळपास तोच, आणि मधे तीन हजारांहून अधिक वर्षं. नावडातोलीच्या यादीत लाख मसूर, मूग, उडीद, वाटाणा यांच्या मधोमध बसलेली आहे. सागरच्या गावांत ती एकटी उरली. दोष धान्याच्या बियात होता हे खरं, पण तो उघडा पडला तो ताट एकावर आल्यामुळे. पुढे विसाव्या शतकात रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखच दिली जाई आणि तिथेही पांगळेपणा पसरला, म्हणजे ताट अरुंद होण्यामागे दर वेळी आभाळच असतं असं नाही. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. विदर्भाच्या पूर्व भागात ती खाणारे लोक सांगतात की आम्हाला काही झालं नाही, आणि इतर अन्नाच्या जोडीला खात असतील तर ते खरं बोलत आहेत.

इनामगावचा शेवटही याच बाजूला झुकणारा आहे. इसवीसनापूर्वी साधारण १००० ते ७०० या शेवटच्या टप्प्यात मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीच्या हाडांचं प्रमाण वाढलं. ढवळीकरांनी याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी जोडला. पाऊस खरंच किती घटला यावर पुढे वाद झाला, आणि तो वाद योग्यच होता. पण त्या वादाच्या निकालाची वाट न पाहताही एक गोष्ट दिसते. इनामगावात लहान मुलं घरातच, रांजणांत पुरत असत, आणि त्या सांगाड्यांचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी दाखवलं की शेवटच्या टप्प्यातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती. दाणे सांगतात काय पेरलं आणि साठवलं, पोटात किती पोचलं ते मुलांच्या हाडांनी सांगितलं. अन्नाच्या इतिहासात या दोन साक्षी एकत्र ठेवल्याशिवाय निकाल देऊ नये. जुन्या ग्रंथांतल्या धान्यांच्या याद्याही जरूर वाचाव्यात, पण त्या राजाच्या, वैद्याच्या आणि यजमानाच्या कोठीतल्या आहेत. इनामगावच्या त्या मुलांविषयी कुणी काही लिहिलं नव्हतं.

मग आजच्या माळव्याकडे पाहिलं की ही चर्चा केवळ जुन्या मातीची राहत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात चिखलामुळे शेतात शिरणं कठीण, म्हणून पुष्कळ जमीन खरिपात पडीक ठेवून ओल जपत आणि त्यावर रब्बीचा गहू-हरभरा घेत. १९७० च्या दशकापासून त्या पडीक खरिपात सोयाबीन आलं आणि बघता बघता मध्य प्रदेश देशातला सोयाबीनचा मोठा उत्पादक झाला. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे नाकारता येणार नाही आणि नाकारूही नये. पण सोयाबीन शेतातून गिरणीत जातं, ताटात येत नाही. त्याने नुसती पडीक जमीन घेतली नाही, खरिपाची ज्वारी आणि मूग-उडीदही मागे सारले. विहिरी आणि कूपनलिकांनी रब्बीचा गहू ओलिताचा केला आणि जवस, मसूर बांधाकडे ढकलले गेले. आज कुणी उपाशी राहत नाही कारण धान्य बाजारातून येतं, असं यावर उत्तर दिलं जातं, आणि ते बरंचसं खरं आहे. इनामगावला कोठार होतं, आपल्याला सरकारी गोदामं आहेत. फरक इतकाच की त्या कोठारात अनेक धान्यं होती, आणि आपल्या शिधापत्रिकेवर वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळ.

भोपाळच्या अगदी जवळ माळव्याच्या जुन्या अन्नाच्या प्रश्नाचा एक मोठा, अजून उघडा असलेला भाग पडून आहे. सांचीच्या टेकडीभोवतीच्या खोऱ्यांत जुनी मातीची धरणं आहेत. ज्युलिया शॉ यांनी तिथल्या साडेसातशे चौरस किलोमीटरच्या पाहणीत अशी सोळा नोंदवली, त्यांतली काही सहा मीटर उंच आणि किलोमीटरभराहून लांब. गाळातल्या वाळूच्या कणांवरून काढलेलं वय त्यांना स्तूपांच्या पहिल्या बांधणीच्या काळाजवळ, इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत नेतं. शॉ यांचा तर्क सरळ आहे: माळव्यात गव्हाला पाटाचं पाणी लागत नाही, मग इतकी धरणं कशासाठी? भातासाठी, आणि त्या भातावर वाढती गावं आणि विहारांतले भिक्षू जगत असावेत. तर्क मला पटतो, पण तो अजून तर्क आहे. गाळातल्या परागकणांवरून भात आणि रानगवत यांत भेद करणं जवळपास अशक्य असतं, कारण गवतांचे परागकण सारखेच दिसतात. भाताच्या पानांत आणि तुसात बनणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मात्र ओळखता येतात आणि ते कुजत नाहीत. धरणांखालच्या शेतांची माती, विहारांच्या आवारातल्या चुलींची राख आणि जुन्या विटांच्या मातीत मिसळलेला भुसा, या तीन ठिकाणी ते शोधायला हवेत. भाताचं तूस मिळालं, तर माळव्याच्या खरिपात दोन हजार वर्षांपूर्वी पाणी अडवून घेतलेल्या भाताचा हिशेब मांडता येईल. तिथे गहू, मसूर आणि तिवडाच निघाला, तर त्या धरणांचं कारण नव्याने शोधावं लागेल.